कॅमेरा कोणासाठीं घडविला?

आमच्या शाळेंत दरवर्षीं जून महिन्यांत ओळखपत्रांसाठीं विद्यार्थ्यांचे फोटो काढले जातात. गेल्या वर्षीं आठवीच्या वर्गांतील एका विद्यार्थिनीची आजी तें ओळखपत्र हातांत घेऊन शाळेंत आली. मी त्या वर्गाचा वर्गशिक्षक. तेव्हां त्यांना सामोरें जाण्याचें काम माझ्याकडे आलें. आजीबाईंची तक्रार एवढीच होती: "मास्तर, ही आमची पोर न्हवं." कार्डावरील नांव बरोबर होतें, जन्मतारीख बरोबर होती, वेणीची रिबीनही तीच होती, परंतु चेहरा दोन छटांनीं उजळ झाला होता, आणि गालावरील कांजिण्यांचा व्रण नाहींसा झाला होता. ज्या गृहस्थांनीं आपल्या मोबाईलवर हे फोटो काढले होते त्यांस विचारलें, तेव्हां त्यांनीं अगदीं प्रांजळपणें सांगितलें, "सर, मीं कांहींच केलेलें नाहीं. कॅमेरा आपोआप तसें करतो."

"कॅमेरा आपोआप करतो" हें वाक्य त्यानंतर मीं पुष्कळांच्या तोंडून ऐकलें. चांगलीं सुशिक्षित माणसेंही तें उच्चारतात. चित्रकार आपल्या आवडीनें रंगवितो, पण यंत्राला आवडनिवड नाहीं, म्हणून यंत्रानें काढलेलें चित्र म्हणजे निव्वळ सत्य, अशी त्यांची समजूत असते. प्रस्तुत लेखकास ही समजूत सर्वस्वी चुकीची वाटते. यंत्राला आवड नसते हें खरें. पण यंत्र घडविणाऱ्यास असते. त्याची आवड, त्याची काटकसर, आपलें गिऱ्हाईक कोण याविषयींची त्याची कल्पना, हें सर्व त्या पेटींत बंद होऊन आपल्या हातीं येतें, आणि आपण त्यालाच "आपोआप" असें म्हणतों.

मुळांत कॅमेरा म्हणजे एक अंधारी पेटी, तिच्या एका भिंतीस एक छिद्र, आणि समोरच्या भिंतीवर प्रकाश टिपून घेणारा एक पृष्ठभाग. नववीच्या मुलांकडून मी दरवर्षीं बुटांच्या खोक्याचा असा कॅमेरा करवून घेतों. पुढें टाचणीनें पाडलेलें भोंक, मागें तेल लावलेला कागद. खोकें खिडकीकडे धरलें कीं मैदानांतील चिंचेचें झाड उलटें होऊन कागदावर उतरतें आणि वर्गांत एकच गलका होतो. मग मी मुलांस भोंक थोडें मोठें करावयास सांगतों. चित्र उजळतें, पण झाडाचीं पानें एकमेकांत मिसळून जातात. रेखीवपणा हवा तर उजेड सोडा, उजेड हवा तर रेखीवपणा सोडा, ही पहिली अडवणूक मुलांना तेथेंच कळते. भोंकाच्या जागीं भिंग बसविलें म्हणजे दोन्ही गोष्टी साधतात खऱ्या, परंतु त्याचीही किंमत मोजावी लागते. भिंग मोठें असलें तर एकाच अंतरावरची वस्तु स्पष्ट दिसते, तिच्या पुढचें व मागचें पुसट होतें.

भिंगाच्या कडीवर २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६ असे विचित्र आंकडे कोरलेले असतात. भिंगाच्या नाभीय अंतरास छिद्राच्या व्यासानें भागलें म्हणजे हा आंकडा येतो. प्रत्येक आंकडा मागच्या आंकड्याच्या २ च्या वर्गमूळाइतक्या पट आहे. त्यामुळें प्रत्येक पायरीस छिद्राचें क्षेत्रफळ निम्में होतें, आणि आंत येणारा प्रकाशही निम्मा होतो. वर्गमूळें कशाला शिकावयाचीं, असें विचारणाऱ्या दहावीच्या विद्यार्थ्यांसाठीं हें येथें मुद्दाम लिहून ठेवीत आहें.

आतां या अडवणुकींतून निरनिराळ्या लोकांनीं कसा मार्ग काढला तें पाहूं. अमेरिकेंतील रॉचेस्टर शहरच्या जॉर्ज ईस्टमन यांनीं १८८८ सालीं 'कोडॅक' नांवाचा कॅमेरा विक्रीस काढला. त्यापूर्वीं छायाचित्र काढणें म्हणजे काचा, रसायनें आणि तिवई यांचा संसार पाठीवर घेऊन हिंडणें होतें. ईस्टमन यांनीं ठरविलें कीं, आपलें गिऱ्हाईक रसायनशास्त्र जाणणारा नव्हे, तर ज्याला केवळ कळ दाबतां येते असा सामान्य मनुष्य आहे. हा एक निर्णय झाल्यावर बाकीचे निर्णय त्याच्या मागोमाग आले. पेटींत १०० चित्रांची फिल्म आधींच भरलेली. ती संपली कीं सबंध कॅमेराच रॉचेस्टरला पाठवावयाचा, आणि १० डॉलर घेऊन कंपनीनें छापलेले फोटो व नवी फिल्म भरलेला कॅमेरा परत करावयाचा. कॅमेऱ्याची मूळ किंमत २५ डॉलर, म्हणजे त्या काळीं कांहीं थोडकी नव्हे. त्यांतील चित्रें चौकोनी नसून वाटोळीं होतीं, सुमारें अडीच इंच व्यासाचीं. असें कां? एक तर त्या साध्या भिंगाचें चित्र कोपऱ्यांत बिघडत असे, तेव्हां कोपरेच कापून टाकले. दुसरें असें कीं, नवशिक्याच्या हातांत पेटी तिरपी धरली गेली तरी वाटोळ्या चित्रांत तो तिरपेपणा तितकासा डोळ्यांत भरत नाहीं. एका वर्तुळानें यंत्राचा दोष आणि माणसाचा दोष दोन्ही झांकले. मला स्वतःला ही युक्ति फार आवडते.

पुढें १९०० सालीं त्याच कंपनीनें 'ब्राउनी' काढला. किंमत एक डॉलर, अंग पुठ्ठ्याचें, आणि गिऱ्हाईक म्हणून समोर धरलीं होतीं तीं मुलें. ब्राउनीच्या वंशांतील पेटी-कॅमेरे पुढें पाऊणशें वर्षे जगभर चालले. आमच्या घरीं वडिलांचा 'आग्फा क्लिक थ्री' अजून आहे. तो बडोद्यास तयार झालेला आहे. तो मीं एकदां वर्गांत नेला होता. एका मुलानें तो उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलें, "सर, याला पडदा कुठें आहे?" दुसऱ्यानें म्हटलें, "याला कांहींच करतां येत नाहीं." त्या उत्तराचा मला थोडा राग आला हें कबूल करतों, पण त्या रागामुळेंच ही सबंध साखळी मुलांस नीट समजावून सांगण्याचा योग आला.

ती साखळी अशी. पेटी-कॅमेरा गरीब घरांत जावयाचा, म्हणून भिंग स्वस्त पाहिजे. स्वस्त भिंग मोठ्या छिद्रानें चांगलें चित्र देत नाहीं, म्हणून छिद्र लहान ठेवलें. छिद्र लहान झाल्याबरोबर एक लाभ आपोआप पदरांत पडला: चार पावलांपासून क्षितिजापर्यंत सर्वच बऱ्यापैकीं स्पष्ट दिसूं लागलें, त्यामुळें अंतर जुळविण्याची यातायात नको. फिल्म मात्र रुंद ठेवली. तीवरून कागदावर तेवढ्याच आकाराचा फोटो छापतां येई, मोठा करण्याची गरज नसे. आणि जें मोठें करावयाचें नाहीं त्यांतील बारीक पुसटपणा डोळ्यांस दिसत नाहीं. लहान छिद्राचा तोटा उजेडाचा. झडप तर सेकंदाचा तिसावा किंवा पन्नासावा भाग एवढाच वेळ उघडणारी, कारण त्याहून अधिक वेळ हात स्थिर राहात नाहीं. म्हणून फोटो काढावयाचा तो लख्ख उन्हांत, आणि सूर्य काढणाऱ्याच्या पाठीशीं ठेवून. वाचकांनीं आपल्या घरचे जुने फोटो काढून पाहावे. अंगणांत ओळीनें उभीं असलेलीं सगळीं माणसें डोळे किलकिले करून, कपाळाला आठ्या घालून उभीं आहेत. तीं रागावलेलीं नाहींत. भिंग स्वस्त होतें म्हणून ऊन त्यांच्या डोळ्यांत होतें.

याच जातीच्या 'आग्फा क्लॅक' कॅमेऱ्याचें मागचें झांकण उघडून पाहिलें तर आंत फिल्म सपाट बसत नाहीं, किंचित् वाकलेली असते. पहिल्यांदां पाहणाऱ्यास तें बनावटींतील वैगुण्य वाटतें. वास्तविक एका साध्या भिंगाचें स्पष्ट चित्र सपाट पृष्ठावर पडतच नाहीं, तें वाटीसारख्या वक्र पृष्ठावर पडतें. तें सपाट पाडावयाचें तर तीन-चार भिंगें एकापुढें एक बसवावीं लागतात आणि किंमत वाढते. भिंग सुधारण्यास पैसे पडतात, फिल्म वाकविण्यास पडत नाहींत. आपल्या डोळ्यांतही एकच लहानसें भिंग आहे आणि तेथेंही मागचें दृष्टिपटल वक्रच आहे, हें जीवशास्त्राचा तास झोपेंत न काढणाऱ्यांस आठवेल. "याला कांहींच करतां येत नाहीं" असें म्हणणाऱ्या त्या मुलानें हें ऐकून कॅमेरा परत मागून घेतला, आणि मधल्या सुट्टीचा निम्मा वेळ झांकण उघडून त्यांत डोकावण्यांत घालविला.

याच्या अगदीं उलट निवड जर्मनींतील वेट्झलार गांवीं लाइट्झ कंपनींत काम करणाऱ्या ऑस्कर बार्नॅक यांची. त्यांना दम्याचा विकार होता. काचांचा जड कॅमेरा घेऊन डोंगर चढणें त्यांस झेपत नसे. त्यांनीं सिनेमाची ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म घेतली, सिनेमाच्या दोन चौकटींइतकी जागा एका चित्रास दिली आणि २४ गुणिले ३६ मिलिमीटर हें माप ठरविलें. १९१४ च्या सुमारास त्यांचा नमुना तयार झाला. मध्यें महायुद्ध आलें, आणि 'लायका' या नांवानें तो लोकांपुढें आला तो १९२५ सालीं, लाइप्झिकच्या जत्रेंत. पेटी खिशांत मावूं लागली, परंतु चित्र टपाल-तिकिटासारखें लहान झालें. तें मोठें केल्यावांचून उपयोग नाहीं, आणि मोठें करावयाचें तर भिंगांत दोष राहूं देतां येत नाहीं. म्हणून माक्स बेरेक या गणितज्ञाकडून त्यासाठीं स्वतंत्र भिंग आखून घ्यावें लागलें. पेटी-कॅमेऱ्यानें मोठी फिल्म घेऊन भिंगाचा खर्च वांचविला. लायकानें भिंगावर खर्च करून पाठीवरचें ओझें वांचविलें. दोघांपैकीं श्रेष्ठ कोण, हा प्रश्नच मला व्यर्थ वाटतो. आजही पुष्कळ डिजिटल कॅमेऱ्यांतील प्रकाशग्राही चकतीचें माप २४ गुणिले ३६ हेंच आहे. दम लागणाऱ्या एका माणसाच्या गरजेपोटीं ठरलेलें माप शंभर वर्षे टिकलें आहे.

आरशाच्या कॅमेऱ्यांविषयीं येथें फार लिहीत नाहीं. भिंगांतून जें दिसतें तेंच डोळ्यास दाखवावें म्हणून मध्यें ४५ अंशांत आरसा आणि वर पांच बाजूंचा लोलक बसविला; कळ दाबतांच आरसा उचलला जाई आणि नेमक्या त्या क्षणीं छायाचित्रकार आंधळा होई. १९५९ चा 'निकॉन एफ' हा त्यांतील नामांकित. पडद्यावरच चित्र दिसूं लागल्यावर आरसा हळूहळू गेला.

डिजिटल कॅमेऱ्याचा पहिला नमुना कोडॅकच्याच स्टीव्हन सॅसन या अभियंत्यानें १९७५ सालीं केला. एक चित्र कॅसेटवर उतरावयास २३ सेकंद लागत. एका कॅसेटींत ३० चित्रें राहतील असें त्यांनीं ठरविलें, कारण लोकांना रिळांतील २४ किंवा ३६ चित्रांची संवय होती. मधला आंकडा कोणाच्या डोळ्यांत खुपूं नये, असें त्यांनीं स्वतःच पुढें सांगितलें आहे. नव्या यंत्रांत जुन्या संवयीचा मान कसा राखावा लागतो, पाहा. त्याच कंपनींतील ब्राइस बायर यांना १९७६ सालीं मिळालेलें पेटंट मात्र आज बहुतेक प्रत्येकाच्या खिशांत आहे. प्रकाशग्राही चकतीवरील बिंदु केवळ उजेड मोजतो, त्याला रंग कळत नाहीं. म्हणून बायर यांनीं प्रत्येक बिंदूवर एकेका रंगाची गाळणी घातली: निम्म्या हिरव्या, पाव तांबड्या, पाव निळ्या. हिरव्याला दुप्पट वांटा कां? माणसाचा डोळा उजेडाचे बारकावे हिरव्या प्रकाशांत अधिक ओळखतो म्हणून. म्हणजे प्रत्येक बिंदु एकच रंग खरोखर मोजतो, आणि उरलेले दोन शेजाऱ्यांना विचारून अंदाजानें भरले जातात. चित्रांतील रंगांचे दोन-तृतीयांश आंकडे हा अंदाज असतो. अंदाज बहुधा उत्तम असतो, पण अंदाजच.

येथपर्यंतच्या निवडी निरुपद्रवी म्हणतां येतील. आतां ज्या निवडींसाठीं हा लेख लिहावयास घेतला त्यांकडे येतों. कॅमेऱ्यांतील प्रकाशमापकाला समोर काय आहे हें ठाऊक नसतें. म्हणून तो असें धरून चालतो कीं, जग सरासरीनें मध्यम करड्या रंगाचें आहे. छायाचित्रकार वापरतात तें करडें कार्ड १८ टक्के प्रकाश परत फेकतें, आणि तोच मध्यम समजला जातो. या गृहीतामुळें पांढऱ्या लुगड्यांतील आजी मळकट दिसते, काळी म्हैस राखाडी दिसते, आणि पांढऱ्या भिंतीपुढें उभा केलेला सांवळा मुलगा काळाठिक्कर होतो. भिंत उजळ असल्यामुळें मापक उजेड कमी करतो, आणि तो सगळा तोटा मुलाच्या चेहऱ्याच्या वांट्यास येतो. मग वर्गांतील टवाळ पोरें त्याला हंसतात. हंसावयाचें तर भिंतीला हंसावें.

रंगीत फिल्मच्या बाबतींत हा प्रकार याहून खोल गेला होता. फोटो छापणाऱ्या प्रयोगशाळांना रंग जुळविण्यासाठीं कोडॅक कंपनी एक नमुना-कार्ड पाठवीत असे. त्यावर एका गोऱ्या तरुणीचें चित्र असे; पहिल्या तरुणीच्या नांवावरून त्याला 'शर्ली कार्ड' म्हणत. तिची त्वचा बरोबर दिसली म्हणजे रंग बरोबर, हा दंडक. कॅनडांतील संशोधिका लोर्ना रॉथ यांनीं २००९ सालीं या विषयावर विस्तृत निबंध प्रसिद्ध केला. त्यांना कोडॅकच्या जुन्या माणसांनीं सांगितलें कीं, गडद तपकिरी छटा नीट येत नाहींत अशी तक्रार चॉकलेट व लांकडी सामान विकणाऱ्या कंपन्यांकडून आली, आणि फिल्म सुधारण्यास तेव्हां चालना मिळाली. वाचकहो, क्षणभर थांबून विचार करा. आफ्रिकेंतील, आपल्या देशांतील आणि खुद्द अमेरिकेंतील कोट्यवधि माणसांचे चेहरे चिखलासारखे येत होते. पण फिल्म सुधारावी असें वाटलें तें कपाटाच्या लांकडामुळें. यांत कोणी दुष्टपणा केला असें मी म्हणत नाहीं. प्रयोगशाळेंत बसलेल्या माणसांनीं आपल्यासमोर जो चेहरा होता तो प्रमाण मानला, आणि प्रमाण मानलेली गोष्ट पुढें कोणाच्या डोळ्यांस दिसेनाशी झाली. हे डोळे उघडावयास फार वर्षे लागलीं. २०२१ सालीं गूगल कंपनीनें आपल्या मोबाईलमध्यें निरनिराळ्या वर्णांच्या त्वचा यथातथ्य दिसाव्यात म्हणून खास प्रयत्न केल्याचें जाहीर केलें, यावरूनच तोपर्यंतची स्थिति काय असेल याचा अंदाज करावा.

मोबाईलची जाडी सुमारें आठ मिलिमीटर. एवढ्याशा जागेंत मोठें भिंग मावत नाहीं, म्हणून भिंगाचें उणें गणितानें भरून काढावें लागतें. एक कळ दाबली कीं आंत अनेक चित्रें घेतलीं जातात, तीं एकमेकांवर बसविलीं जातात, अंधार उजळविला जातो, मागचें झाड मुद्दाम पुसट केलें जातें. हें सर्व मला मान्य आहे, कौतुकास्पदही वाटतें. परंतु चेहरा सापडला कीं तो गुळगुळीत करावा आणि उजळ करावा, ही गरज भिंगाची नाहीं, जाडीची नाहीं, प्रकाशशास्त्राचीही नाहीं. ती केवळ विक्रीची गरज आहे. गिऱ्हाइकाला गोरें दिसणें आवडतें असें कोणीतरी धरून चाललें, आणि आम्हीं तें खोटें पाडलें नाहीं.

हें शेवटचें वाक्य मी सहज लिहीत नाहीं. त्या आजीबाई येऊन गेल्यानंतर मीं वर्गांतील पालकांकडे विचारणा केली. बहुतेकांनीं फोटोंत कांहीं दोष असल्याचें लक्षांतच आलें नाहीं असें सांगितलें. दोघांनीं तर उलट विनंती केली कीं, फोटो आहे तोच राहूं द्यावा, "मुलीचा चेहरा जरा उठून दिसतो." एका आईंनीं हें मुलीच्या समक्ष सांगितलें. मुलगी खालीं पाहात होती. यंत्र घडविणाऱ्यांस दोष देणें सोपें आहे. पण त्यांच्या निवडीवर सही करणारे आपणही आहोंत, आणि ती सही कित्येकदां मुलांच्या देखत होते.

ओळखपत्राचा उपयोग ओळख पटविणें हा आहे. परीक्षेच्या दालनांत, बसमध्यें, एखाद्या अपघाताच्या वेळीं, कार्डावरील चेहरा आणि मुलाचा चेहरा एक असला पाहिजे. गालावरचा व्रण हा अशा वेळीं दोष नसून सर्वांत खात्रीची खूण आहे.

मुख्याध्यापकांच्या संमतीनें यंदां जूनमध्यें फोटोंची व्यवस्था बदलली आहे. ते सकाळीं आठ ते नऊ या वेळांत उत्तरेकडील व्हरांड्यांत काढले जातील. तेथें थेट ऊन येत नाहीं, त्यामुळें कोणाला डोळे किलकिले करावे लागणार नाहींत. मागें पांढऱ्या भिंतीऐवजीं करड्या रंगाचें कापड राहील. चेहरा सुधारण्याची मोबाईलमधील सोय बंद ठेवली जाईल, आणि ती बंद आहे कीं नाहीं हें नववीचे दोन विद्यार्थी रोज पाहतील. ती सोय त्यांनींच मला शोधून दाखविली. मला ती सांपडत नव्हती. आजीबाईंच्या नातीचें कार्ड गेल्या वर्षींच नवें करून दिलें आहे. ज्या पालकांस उजळ केलेला फोटो हवा असेल त्यांनीं तो घरीं खुशाल काढावा. शाळेच्या कार्डावर मात्र मूल जसें आहे तसेंच राहील.